सुगरणीच्या झाडाजवळ

पदवी नसल्यामुळे सलीम अलींना सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्याची नोकरी मिळाली नाही. १९२९ साली त्यांनी बर्लिन गाठले आणि श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिविद्येचे शास्त्रशुद्ध धडे गिरविले. परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! ही बेकारी मात्र शास्त्राच्या पथ्यावर पडली. १९३० साली किहीमच्या घराजवळ त्यांनी सुगरण पक्षी दिवसचे दिवस न्याहाळले. घरटे विणतो तो नर. मादी ते पारखून पसंत करते. आणि ती नांदू लागताच हे महाशय दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतात! १९४५ मध्ये त्यांनी कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांची वीणवसाहत पाहिली. गोवंडीच्या पूर्वेस ठाणे खाडीतही आज रोहितांचे थवे उतरतात. २०१५ पासून तेथे अभयारण्य आहे. आणि देवनारची कचराभूमीही त्याच खाडीला लागून आहे.