मिन्स्ककडचा पेपर विकणारा पोरगा आणि तुमच्या फोनमधलं एफएम

इस्लापूरला आमच्या गच्चीवर जाऊन फोनमधलं एफएम स्कॅन केलं की बऱ्याचदा आधी तेलुगू कानावर येतं. सरळ रेषेत मोजलं तर आम्हाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ. त्याचं गावात कुणाला नवल नाही. एका चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी आणि दखनी ऐकू येणारं आमचं गाव. मला मात्र लहानपणापासून एक प्रश्न पडायचा. रेडिओवर कोणती भाषा बोलायची हे ठरवतं कोण? सरकार, मालक, की ते यंत्रच?

याचं उत्तर शोधता शोधता मी न्यूयॉर्कला पोचलो. म्हणजे वाचनातून हो, तिकिटाचे पैसे कुठून आणणार! तिथे ब्रायटन बीच नावाची वस्ती आहे. सोव्हिएत देशातून आलेली हजारो कुटुंबं तिथे राहतात आणि त्यांच्यासाठी रशियन भाषेत रेडिओ चालतो. हा रेडिओ त्यांच्यापर्यंत पोचला कसा, हे बघायला गेलं की डेव्हिड सार्नॉफ हा माणूस आडवा येतो. आडवा येतो, हे दोन्ही अर्थांनी.

सार्नॉफचा जन्म 27 फेब्रुवारी 1891 चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कजवळच्या उझल्यानी नावाच्या खेड्यातला. आज तो भाग बेलारूसमध्ये येतो. घर गरीब ज्यू, बोली यिडिश. बाप आधी एकटाच अमेरिकेला गेला, घरं रंगवायचं काम करून पैसे साठवले आणि 1900 मध्ये बायकोपोरांना बोलावून घेतलं. नऊ वर्षांचा डेव्हिड न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

आल्याबरोबर तो कामाला लागला. काम काय, तर यिडिश पेपर विकायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्थलांतरित माणसाला परक्या शहरात आपल्या भाषेतली बातमी किती लागते, हे या पोराने पहाटे गल्लोगल्ली पळत पाहिलं होतं. संध्याकाळी तो इंग्रजीच्या वर्गाला जायचा. पंधराव्या वर्षी बापाचं दुखणं वाढलं, शाळा सुटली, घराचा भार याच्यावर आला.

त्याला व्हायचं होतं पत्रकार. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या इमारतीत नोकरी मागायला गेला आणि चुकून त्याच इमारतीतल्या तार कंपनीच्या खिडकीपुढे उभा राहिला, असं तो स्वतः पुढे सांगायचा. तिथे तारा पोचवायचं काम मिळालं. पहिल्या पैशातून त्याने तारेची एक चावी घेतली आणि घरी टकटक करत मोर्स शिकला. ज्यू सणाला सुट्टी मागितली म्हणून ती नोकरी गेली. मग 1906 मध्ये मार्कोनीच्या अमेरिकी कंपनीत ऑफिसबॉय म्हणून लागला, आठवड्याला साडेपाच डॉलरवर. तिथून ऑपरेटर, मग मॅनेजर.

1912 मध्ये टायटॅनिक बुडालं. सार्नॉफ 72 तास एकटा बिनतारी यंत्रापुढे बसून वाचलेल्यांची नावं घेत होता, ही गोष्ट पुढे फार गाजली. इतिहासकारांनी तपासलं तर ती बरीच फुगवलेली निघाली, कारण त्या कामावर दुसरे ऑपरेटरही होते. स्वतःची जाहिरात करण्यात गडी तेव्हापासूनच पुढे होता.

पण त्याची नजर लांब होती, हे मानावं लागेल. तेव्हा बिनतारी यंत्र म्हणजे जहाजाशी बोलायचं साधन. एकाचा निरोप दुसऱ्याला, बास. आपला निरोप वाटेत कुणीही ऐकू शकतो, ही बाकीच्यांना अडचण वाटायची. सार्नॉफला त्यातच धंदा दिसला. एकाने बोलावं आणि घरोघरी लाखोंनी ऐकावं, गाणं, बातमी, खेळ, सगळं एका पेटीतून. 1919 मध्ये आरसीए ही कंपनी निघाली, मार्कोनीची अमेरिकी कंपनी तिच्यात गेली आणि सार्नॉफही. जुलै 1921 मध्ये त्याने डेम्प्सी आणि कार्पेंटिए यांची बॉक्सिंगची लढत रेडिओवरून ऐकवायला लावली आणि लोक वेडे झाले. 1926 मध्ये एनबीसी उभी राहिली. शहराशहरातली स्टेशनं टेलिफोनच्या तारांनी जोडली आणि न्यूयॉर्कमधला एक आवाज देशभर एकाच वेळी जाऊ लागला. 1930 मध्ये यिडिश पेपर विकणारा पोरगा आरसीएचा अध्यक्ष झाला.

या मोठ्या जाळ्याची भाषा एकच होती, इंग्रजी. जाहिरातदाराला जास्तीत जास्त कान पाहिजेत, मग भाषा जास्तीत जास्त लोकांचीच असणार. इटालियन, पोलिश, यिडिश बोलणाऱ्यांना छोट्या स्टेशनांवर पैसे भरून तासाच्या हिशेबाने वेळ घ्यावी लागे. सार्नॉफने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या आईसारख्या बाईसाठी त्याच्याच जाळ्यात जागा नव्हती, हे खरं.

खरखर घालवणारा मित्र

आता दुसरा माणूस. एडविन आर्मस्ट्राँग, जन्म 1890, पक्का न्यूयॉर्ककर. कॉलेजात असतानाच, 1912 मध्ये, त्याने कमजोर सिग्नल कैक पटीने वाढवणारं सर्किट शोधलं. जानेवारी 1914 मध्ये एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या खोपटात बसून त्याने ते सार्नॉफला दाखवलं. समुद्रापलीकडची स्टेशनं स्वच्छ ऐकू आली. दोघं पंचविशीच्या आतले. तिथून दोस्ती जमली. आर्मस्ट्राँगने पुढे सार्नॉफच्या सेक्रेटरीशी, मॅरियनशी, लग्न केलं. आरसीएने त्याची पेटंटं घेतली आणि बदल्यात इतके शेअर दिले की तो कंपनीचा मोठा भागधारक झाला. 1918 मध्ये त्याने शोधलेल्या सुपरहेटरोडाइन रचनेवर पुढे जवळपास सगळे रेडिओ आणि टीव्ही चालले. तुमच्या फोनमधला रेडिओचा भागसुद्धा त्याच घराण्यातला.

सार्नॉफची एकच तक्रार होती, खरखर. आमच्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर पावसाळ्यात पैनगंगेपलीकडे वीज चमकली की बातम्यांवर खर्र व्हायचं, तीच ही. ती का व्हायची ते सांगतो.

समजा रात्री लांबच्या बांधावरून कुणी बॅटरी दाखवून तुम्हाला निरोप देतोय. उजेड कमी-जास्त करून निरोप दिला तर मध्ये धुकं आलं, कुणाची गाडी लाइट मारत गेली, की घोटाळा झालाच. हे झालं एएम. तिथे लहरीची उंची बदलते, आणि वीजही नेमकी उंचीतच ढवळाढवळ करते. आता त्याच माणसाने उजेड तसाच ठेवला आणि बॅटरी कधी भरभर, कधी हळू हलवली तर? धुक्यात उजेड मंद दिसेल, पण हलण्याचा वेग तुम्हाला कळेल. हे एफएम. लहरीची उंची स्थिर, बदलते ती तिची कंपनसंख्या.

बाकीच्या तज्ज्ञांनी गणित मांडून एफएममध्ये काही फायदा नाही असं ठरवून टाकलं होतं. आर्मस्ट्राँगने उलटं केलं. इतर लोक एफएमला अरुंद जागेत कोंबून बघत होते, याने त्याला ऐसपैस रुंद पट्टा दिला, आणि खरखर गायब. 26 डिसेंबर 1933 ला पेटंट मिळालं. एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या झाल्या, त्याही आरसीएच्याच जागेतून.

आणि इथे दोस्ती फुटली. सार्नॉफला खरखर घालवणारी छोटी डबी पाहिजे होती. मित्राने अख्खा नवा रेडिओच समोर ठेवला. तो स्वीकारायचा तर विकलेले सगळे संच, उभी केलेली सगळी स्टेशनं जुनी ठरणार. शिवाय सार्नॉफचं सगळं लक्ष आणि पैसा तेव्हा टीव्हीकडे होता. 1935 मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरून सामान हलवायला सांगण्यात आलं.

तो गप्प बसला नाही. स्वतःच्या पैशातून न्यू जर्सीत अल्पाइन इथे उंच टॉवर बांधला, स्टेशन चालवलं. आरसीएने 1940 मध्ये दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. बाकीच्या कंपन्या विक्रीतला हिस्सा देतात, मग आरसीएने का देऊ नये, म्हणून त्याने नकार दिला. 1945 मध्ये सरकारी आयोगाने एफएमची जागाच बदलली. 42 ते 50 मेगाहर्ट्झवरून उचलून 88 ते 108 वर नेली. लोकांकडचे एफएम संच एका फटक्यात निकामी. तुमच्या फोनमधलं एफएम 87.5 च्या आसपास सुरू होऊन 108 ला का संपतं, त्याची मुळं या निर्णयात आहेत. 1948 मध्ये आर्मस्ट्राँगने आरसीएवर खटला भरला. वकील त्याला वर्षानुवर्षं तेच तेच विचारत राहिले. पैसा संपला, घर मोडलं. 31 जानेवारी 1954 ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या खोपटातल्या थंडीच्या रात्रीला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. सार्नॉफ अंत्यविधीला गेला आणि रडला. त्याच वर्षाअखेर आरसीएने मॅरियनला दहा लाख डॉलरच्या वर रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. बाकीच्या कंपन्यांशी ती एकटी लढत राहिली आणि शेवटचा खटला तिने 1967 मध्ये जिंकला.

सार्नॉफला मी निव्वळ खलनायक मानत नाही. धंद्याच्या हिशेबाने त्याचं टीव्हीवरचं गणित बरोबर निघालं. पण मित्राचं काम त्याला सगळ्यांत आधी कळलं होतं, आणि तरी त्याने तसं केलं. ते मला अजून पचत नाही.

टपावरचं सामान

मरण्याच्या काही महिने आधी, 1953 मध्ये, आर्मस्ट्राँगने जॉन बोस या सहकाऱ्यासोबत एक गोष्ट दाखवली होती. एकाच एफएम स्टेशनवरून एकाच वेळी एकाहून जास्त कार्यक्रम पाठवता येतात.

एसटीच्या टपावरचं सामान आठवा. आत प्रवासी बसलेत, टपावर पोती आहेत, गाडी एकच, डिझेल एकच. आतल्या प्रवाशाला पोती दिसतही नाहीत. एफएमचा पट्टा असाच रुंद असतो. नेहमीचं गाणं-बोलणं त्यातल्या खालच्या 15 किलोहर्ट्झपर्यंतच्या जागेत बसतं. त्याच्या खूप वर, म्हणजे 67 किलोहर्ट्झला, दुसरा कार्यक्रम चढवायचा. माणसाच्या कानाची धाव 20 च्या पुढे नाही आणि साधा रेडिओ त्या भागाकडे बघतच नाही. त्यामुळे इंग्रजी गाणी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही की त्याच लहरीवर आणखी कुणीतरी बोलतंय. ऐकायचं असेल तर टपावरून पोतं उतरवणारा खास संच लागतो. याला उपवाहक, म्हणजे सबकॅरियर म्हणतात.

अमेरिकेत 1955 मध्ये याला परवानगी मिळाली. आधी दुकानांत वाजणारं हलकं संगीत यावरून गेलं, मग दृष्टिहीनांसाठी पेपर वाचून दाखवणाऱ्या सेवा आल्या. आणि मग स्थलांतरितांनी ही जागा हेरली. स्वतःचं स्टेशन घ्यायला अफाट पैसा लागतो, टपावरची जागा मात्र भाड्याने परवडते. सत्तरच्या दशकात सोव्हिएत ज्यू मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागले, देश फुटल्यावर आणखी आले. न्यूयॉर्कमध्ये रशियन रेडिओ याच वाटेने घरात शिरला. खास संच विकत घ्यायचा, स्वयंपाकघरात ठेवायचा आणि दिवसभर चालू. घर कुठे भाड्याने मिळेल, डॉक्टर कोण, कागद कुठे भरायचे, तिकडे मॉस्कोत काय चाललंय, सगळं आपल्या भाषेत. आपल्याकडून गेलेल्या लोकांचे हिंदी कार्यक्रमही तिथे अशाच संचांवर चालले.

पुढची गंमत बघा. गाण्यांचे श्रोते एफएमवर गेले, एएम ओस पडलं आणि तिथली वेळ स्वस्त झाली. ती वेळही या भाषांनी उचलली. न्यूयॉर्कचा रशियन डेव्हिडझन रेडिओ एएमच्या 620 वर लागायचा. म्हणजे आर्मस्ट्राँगच्या एफएमने या लोकांना दोनदा जागा करून दिली, एकदा टपावर आणि एकदा सार्नॉफच्या रिकाम्या झालेल्या घरात.

सार्नॉफ 12 डिसेंबर 1971 ला न्यूयॉर्कमध्ये वारला. वय 80. त्याच्याच मुलखाकडची माणसं तेव्हा त्या शहरात नव्याने उतरायला लागली होती, त्याच्यासारखीच इंग्रजी न येणारी.

आज ब्रायटन बीचची नवी पिढी ॲपवर रशियन ऐकते, खास संचाची गरज उरली नाही. पण सबकॅरियर संपलेलं नाही. गाडीतल्या रेडिओच्या पडद्यावर किंवा काही फोनमध्ये स्टेशनचं नाव अक्षरांत उमटतं ना? ती अक्षरं 57 किलोहर्ट्झच्या सबकॅरियरवर बसून येतात. पुढच्या वेळी बघा. आणि एफएम ऐकताना वायरचा इअरफोनच लावा, कारण ती वायरच अँटेना असते. मी ती गच्चीवर हातात धरून इकडे-तिकडे फिरवतो. आदिलाबाद जातं, नांदेड येतं, मध्येच दोन्ही जातात, आणि खालून आई ओरडते की पोरगा वायर धरून काय नाचतोय.