घटक ३ : नारायण मेघाजी लोखंडे – कामगारांचे हक्क आणि कारखान्यांचे नियमन

३.१ प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर हे गाव आहे. हा सारा परिसर काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा. शेतात वेचलेल्या कापसातून जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि पुढे गिरणीत सूत व कापड तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आल्यानंतर वर्ध्याकडचा कापूस मुंबईच्या बाजारात सुलभपणे पोहोचू लागला. या प्रवासात ज्यांचे श्रम खर्ची पडतात, त्यांच्याविषयी मालकाची जबाबदारी कोणती आणि ती त्याच्या सदिच्छेवर सोडावी की कायद्याने ठरवावी, हा प्रश्न त्या काळी प्रथमच उभा राहिला. तो धसास लावणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या जीवनकार्याचा परिचय या घटकात आपण करून घेणार आहोत.

३.२ जीवन आणि जडणघडण

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका सामान्य कुटुंबात झाला. परिस्थितीमुळे त्यांना लवकर नोकरी पत्करावी लागली. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ काम केल्यानंतर ते मुंबईतील मांडवी येथील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांनी कामगारांचे जीवन जवळून पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणारे काम, साप्ताहिक सुटीचा अभाव, थकलेले वेतन आणि यंत्रात सापडून अपंग झालेल्यांची वाताहत या गोष्टी त्यांच्या नित्य परिचयाच्या झाल्या.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा लोखंडे यांच्यावर खोल ठसा होता. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० मध्ये लोखंडे यांनी मुंबईत आणून चालविले. नोकरी सोडून त्यांनी पुढील आयुष्य पत्रकारितेला आणि कामगारांच्या कार्याला वाहिले.

३.३ पहिला कायदा आणि त्याच्या मर्यादा

१८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र कोणतीही मर्यादा नव्हती. शंभराहून कमी कामगारांचे, तसेच वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंग कारखान्यांना ही सवलत अनायासे मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की कायद्यातील व्याख्येमुळेच कोणाचे हक्क मान्य होतात आणि कोणाचे अदृश्य राहतात, हे ठरत असते.

कायद्याच्या प्रश्नाला राजकीय गुंतागुंतही होती. मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा असलेले लँकेशायरचे कारखानदार येथे निर्बंध यावेत म्हणून प्रयत्नशील होते. त्यामुळे अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी देशी उद्योगाच्या रक्षणासाठी कायद्याला विरोध केला. हेतूबद्दलची त्यांची शंका निराधार नव्हती. परंतु त्यामुळे कामगाराचे दुःख खोटे ठरत नव्हते. लोखंडे यांनी हा भेद ओळखला आणि कामगाराच्या बाजूने कायद्याची मागणी केली.

३.४ निवेदनापासून कायद्यापर्यंत

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवण्यात आले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत वेतन आणि अपघातग्रस्तांना भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. या चळवळीतूनच ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही संघटना आकाराला आली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांनाही सहभागी करून घेण्यात आले.

मालकांनी दिलेली सुटी हा मोठा विजय होता. तथापि मालक जे देतो, ते तो काढूनही घेऊ शकतो. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी बंधनकारक केली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊ केले. यातच सवलत आणि हक्क यांतील अंतर दिसून येते.

३.५ अखेर आणि वारसा

१८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर लोखंडे यांनी सलोख्यासाठी परिश्रम घेतले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागण्यांपैकी काहींना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. हंगामी कारखाने १९११ मध्ये कायद्याच्या कक्षेत आले. अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये, तर वेळेवर वेतन देण्याचा कायदा १९३६ मध्ये झाला.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. हक्कांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य, त्यांचा आदर ही उद्योगांची जबाबदारी आणि बाधितांना दाद मागण्याची सोय, असे त्यांचे तीन आधार आहेत. लोखंडे यांच्या निवेदनात ही परिभाषा नव्हती, आशय मात्र होता.

३.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १८८१ आणि १८९१ च्या कारखाना कायद्यांतील फरक स्पष्ट करा.
२. सवलत आणि हक्क यांतील भेद लोखंडे यांच्या कार्याच्या आधारे विशद करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या हंगामी उद्योगातील कामगारांची स्थिती पाहून टिपण लिहा.