शोलेस्की : मोजणीतून गणिताकडे

आंद्रे-लुई शोलेस्की यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८७५ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील मोंगियों या गावी झाला. १८९५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या नामांकित संस्थेत प्रवेश मिळवला. पुढे ते तोफखान्यात अधिकारी झाले. सैन्याच्या भूगोल विभागातर्फे त्यांनी ट्युनिशिया, अल्जीरिया आणि क्रीट बेट येथे नकाशांसाठी भूमापन केले.

भूमापन कितीही काळजीपूर्वक केले, तरी त्यात बारीक चुका राहतातच. त्या सर्व मोजमापांत योग्य रीतीने वाटून देण्यासाठी अनेक समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागत. आकडेमोडीत एक चूक झाली, तरी पुढचे सारे श्रम वाया जात.

या समीकरणांतील सहगुणकांचा तक्ता कर्णाच्या दोन्ही बाजूंस सारखाच असतो. शोलेस्कींनी नेमका याचाच उपयोग केला. त्यांनी तो तक्ता दोन त्रिकोणी तक्त्यांच्या गुणाकाराच्या रूपात मांडला. दुसरा तक्ता पहिल्याचेच पालटलेले रूप असल्याने एकच काढावा लागे आणि मग अज्ञात संख्या एकामागून एक मिळत. २ डिसेंबर १९१० या तारखेच्या हस्तलिखितात त्यांनी ही रीत लिहून ठेवली. मात्र प्रसिद्ध केली नाही. १९०९ ते १९१४ या काळात नोकरी सांभाळून ते पत्रद्वारा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही शिकवत असत.

पहिल्या महायुद्धात ते पुन्हा आघाडीवर गेले. ३१ ऑगस्ट १९१८ रोजी रणांगणातील जखमांमुळे, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. युद्ध संपण्यास तेव्हा अडीच महिनेही उरले नव्हते. त्यांची रीतही त्यांच्याबरोबर लोप पावली असती. परंतु बेन्वा या लष्करी अधिकाऱ्याने १९२४ मध्ये ती प्रसिद्ध केली.

पुढे संगणक आले आणि या रीतीचे महत्त्व वाढले. एखाद्या उपकरणातील विद्युतक्षेत्र जाणण्यासाठी अभियंते त्याचे असंख्य लहान घटक कल्पितात. हीच फायनाइट एलिमेंट पद्धती होय. तीतून लाखो समीकरणे निर्माण होतात. प्रत्येक घटकाचा संबंध केवळ शेजाऱ्यांशी असल्याने तक्त्यात बहुतेक जागी शून्य असते. ही शून्ये शक्य तितकी टिकतील असा क्रम लावून संगणक शोलेस्कींच्या रीतीने उत्तर वेगाने काढतो. त्रिकोणी तक्ता एकदा तयार झाला, की विद्युतभार बदलले तरी तोच पुन्हा उपयोगी पडतो.

ज्या कामासाठी शोलेस्कींनी ही रीत शोधली, ते साधे भूमापनाचे होते. आपले काम अधिक नेटके व्हावे या तळमळीतून जन्मलेले ते ज्ञान आज जगभरातील अभियंत्यांच्या उपयोगी पडत आहे.