नंबर नसलेले रुपये

नोटेवर नंबर असतो. खात्यातल्या रुपयाला नसतो. आम्हा बँकवाल्यांना हे सांगावे लागत नाही. नंबर असलेल्या एकेक रुपयाच्या दोन नोटा दोन पाकिटांत चार प्रकारे ठेवता येतात. पण दोन खात्यांत दोन रुपये तीनच प्रकारे राहतात: दोन्ही इथे, दोन्ही तिथे किंवा एकेक. सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी अशीच, नंबर पुसून केली.

बोस १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात जन्मले. वडील रेल्वेत नोकरीला. १९१५ साली एम.एस्सी.ला बोस पहिले, तर मेघनाद साहा दुसरे आले. १९२१ पासून ते ढाका विद्यापीठात शिकवू लागले. प्लांकचा नियम विद्यार्थ्यांपुढे मांडताना त्याची प्रचलित सिद्धता त्यांना पटेना, म्हणून त्यांनी स्वतःची तयार केली. इंग्लंडमधल्या नियतकालिकाने ती छापली नाही. तेव्हा डॉक्टरेट नसलेल्या या तिशीच्या अध्यापकाने जून १९२४ मध्ये ती थेट आइन्स्टाइनना पाठवली. आइन्स्टाइननी स्वतः जर्मन भाषांतर करून ती छापून आणली आणि हीच मोजणी अणूंना लावली. निष्कर्ष विलक्षण होता: वायू पुरेसा थंड केला, तर त्याचे अणू वेगळेपण सोडून एकाच अवस्थेत गोळा होतील.

तेवढी थंडी आणायची कुठून? भाकीत कागदावरच राहिले.

बोस पॅरिस-बर्लिनला जाऊन ढाक्याला परतले आणि १९४५ साली कलकत्त्याला आले. त्यांनी शोधनिबंध मोजकेच लिहिले. १९४८ साली बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद काढली. फावल्या वेळी ते एसराज वाजवत. नोबेल मिळाले नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले.

पुढच्याच वर्षी लेसरने अणू थंड करण्याची कल्पना मांडली गेली. लेसर तर जाळतो! पण वायूतले अणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात. त्यांच्यावर समोरून प्रकाशकणांचा मारा केला, की वेग मंदावतो. आणि वेग मंदावणे म्हणजेच थंड होणे. १९८५ साली अमेरिकेत स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी सहा बाजूंनी लेसर सोडून सोडियमचे अणू जणू काकवीत रुतवले. पुढची पायरी बशीतल्या चहाची: सर्वांत गरम अणू निसटू द्यायचे, उरलेले आणखी निवतात. ५ जून १९९५ रोजी कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियम धातूचे सुमारे दोन हजार अणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही जवळ नेले. अणू एक झाले. २००१ साली या दोघांना, केटर्लेंसह, नोबेल मिळाले.

बोस यांना ते का नाही, ही हळहळ मलाही वाटते. पण उरलेली वर्षे त्यांनी शिकवण्यात घालवली, असे कुणी म्हणाले की पटत नाही. तो शोधच वर्गात शिकवता शिकवता लागला होता. पुढे त्यांनी फक्त वर्ग मोठा केला.