माशांच्या आधीचे बिऱ्हाड

बँकेतून निवृत्त झाल्यावर एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला होता. कादंबऱ्या लिहिणे हा छंद त्यांच्या हिशेबी धरला जात नसावा. शेवटी नऊ वर्षांच्या नातीच्या हट्टापायी घरात फिशटँक आला. टाकी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, रंगीत खडे आणि सहा गोल्डफिश, सगळी खरेदी एकाच संध्याकाळी उरकली. पाणी इतके नितळ, की मासे हवेत तरंगताहेत असे वाटावे. मी हौसेने दर दिवसाआड फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धूत असे. दहा दिवसांत सहाही मासे गेले. शेवटचा मासा जास्वंदीखाली पुरताना नातीने मला विचारले, की पाणी एवढे स्वच्छ होते, तर मग मासे मेले कशाने? आयुष्यभर लोकांच्या हिशेबातल्या चुका शोधणाऱ्या मला स्वतःची चूक सापडेना.

ती दाखवली बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने. त्याच्या घरी वर्षानुवर्षे मासे आहेत. तो म्हणाला, की तू घर बांधलेस, पाहुणेही बोलावलेस, पण मोरी साफ करणारेच घरात नव्हते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाणे कुजूनही तोच तयार होतो, आणि तो विषारी असतो. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते मात्र माशांना बरेच सोसते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बिऱ्हाड थाटतात, पण ते जमायला चार-सहा आठवडे लागतात. मी तर नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने दर दिवसाआड त्यांना घराबाहेर काढत होतो.

हे जिवाणू पहिल्यांदा शोधले कोणी, याची मला उत्सुकता लागली. पुस्तके चाळता चाळता सर्गेई विनोग्राद्स्की भेटले.

त्यांचा जन्म 1856 सालचा, कीव्ह शहरातला. घर श्रीमंत. आधी कायद्याच्या वर्गात नाव घातले, तिथे मन रमेना. मग विज्ञान, मग तेही सोडून सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो. पुन्हा विज्ञान. असा धरसोड करणारा मुलगा आपल्या घरात असता, तर आपण त्याच्या आशा सोडल्या असत्या. 1885 साली ते स्ट्रासबर्गला वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांच्याकडे गेले. तिथे गंधकाच्या झऱ्यातल्या जिवाणूंवर काम करताना त्यांच्या लक्षात आले, की हे जीव गंधकाचे संयुग जाळून त्या ऊर्जेवर जगतात. 1888 साली द बारी वारले आणि विनोग्राद्स्की झुरिचला गेले.

अमोनियाचा प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांपुढे पडून होता. 1877 साली पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्यून्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश सोडले होते. वीस दिवस काहीच घडले नाही. मग एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की काम बंद. थोड्या बागेतल्या मातीचे पाणी ओतले की पुन्हा सुरू. म्हणजे कर्ता कोणी तरी सजीव होता. ती नळी म्हणजे माझ्या फिल्टरची पणजीच! इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी हे काम दोन टप्प्यांत होते इथपर्यंत मजल मारली, पण जिवाणू हाती लागेनात. गंमत अशी, की याच वॉरिंग्टनच्या वडिलांनी 1850 साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून टाकीतल्या समतोलाचा निबंध लिहिला होता. बापाने टाकी मांडली, मुलाने तिच्यातले अदृश्य बिऱ्हाडकरू शोधले, आणि तरी दार उघडले नाही.

अडत होते ते इथे. जिवाणू वाढवायचे तर त्यांना जिलेटिनचे पौष्टिक खाणे द्यायचे, ही तेव्हाची रीत. विनोग्राद्स्कींनी उलटे केले. झुरिचच्या तळ्याचे पाणी घेतले, त्यात अमोनियाचे क्षार, थोडे फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट घातले. सेंद्रिय खाणे काही नाही. मग या मिश्रणातला गाळ जिलेटिनवर टाकला आणि जिथे काहीच उगवले नाही, तिथलाच कण उचलला. ज्यांना पंक्तीचे जेवण नको, तेच त्यांना हवे होते! 1890 आणि 1891 साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. अमोनियावर जगणारा एक, नायट्राइटवर जगणारा दुसरा. सूर्यप्रकाशाशिवाय, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर बांधणारे हे जीव आहेत, हे त्यांनी दाखवले.

पुढे त्यांना पास्तूर इन्स्टिट्यूटचे बोलावणे आले, पण ते मायदेशी सेंट पीटर्सबर्गला गेले. हवेतला नायट्रोजन बांधणारा जिवाणू तिथे सापडला. पन्नाशीच्या आसपास प्रयोगशाळा सोडून ते आपल्या जमीनजुमल्यावर राहू लागले. मग क्रांती झाली. 1920 साली ओदेसाहून बोटीने देश सोडावा लागला, सारे मागे राहिले. बेलग्रेडला त्यांनी थोडे दिवस शिकवले. 1922 साली पास्तूर इन्स्टिट्यूटचे एमिल रू यांनी त्यांना पुन्हा बोलावले. वय पासष्टीपुढचे. ज्या वयात आम्ही पेन्शनच्या रांगेत उभे राहतो, त्या वयात ते पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर इथे मातीतल्या जिवाणूंवर नव्याने कामाला लागले. 1949 साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. 1953 साली ते गेले.

शास्त्र त्यांच्यानंतरही थांबले नाही. टाकीतल्या नायट्राइटचे काम बहुतेक वेळा नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे नंतर कळले. त्यांच्यातले काही दोन्ही टप्पे एकट्याने करतात, हे तर 2015 साली उघड झाले.

आम्ही दुसऱ्यांदा टाकी भरली, ती माशांवाचून. रोज चिमूटभर खाणे पाण्यात कुजायला टाकले. सहकाऱ्याने आपल्या जुन्या फिल्टरचा मळकट स्पंज टाकीत पिळून दिला, ते पाहून घरच्यांनी नाके मुरडली. नात अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे माझ्या जुन्या खतावणीत लिहीत होती. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढले, आणि उतरेचना. रिकाम्या टाकीपुढे बसून ती रोज विचारायची, आजोबा, आज मासे? मी रोज नाही म्हणायचो, आणि तिच्याइतकाच खट्टू व्हायचो. पाचव्या आठवड्यात दोन्ही रकाने शून्यावर आले. मग दोनच मासे आणले.

ते अजून आहेत. स्पंज आता टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात नुसता खळबळून घेतो. घरी कोणी आले, की नात त्यांना माशांच्या आधी तो तपकिरी स्पंज दाखवते. आलेला माणूस गोंधळतो. मी मात्र गप्प बसतो, कारण तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे.