मातीची भाषा शिकविणारे डॉ. सांकलिया

गावाशेजारी पांढरीचं टेकाड असतं. तिथली माती खताला चांगली, म्हणून लोक ती गाड्या भरभरून शेतात नेतात. पण त्या मातीत जुन्या माणसांची घरं, चुली, खापरं असतात, हे आपल्याला कोणी सांगितलं? ज्यांनी सांगितलं त्यांत डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचं नाव आम्ही आदराने घेतो.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. एम. ए. साठी त्यांनी नालंदा विद्यापीठ हा विषय घेतला. १९३४ साली तो अभ्यास ग्रंथरूपाने आला. देशोदेशीचे भिक्खू जिथे शिकायला येत, त्या ज्ञानपीठापासून त्यांच्या संशोधनाची सुरुवात व्हावी, याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो. पुढे १९३६ साली त्यांनी लंडनची डॉक्टरेट मिळविली. इंग्लंडमध्येच मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी प्रत्यक्ष काम केलं.

१९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. वर्गात शिकवून ते थांबले नाहीत. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी नदीकाठ पालथे घातले. मातीचा थर कसा ओळखायचा, साधं खापरही का टाकून द्यायचं नाही, हे पोरं हाताला माती लागल्यावर शिकली. १९५०-५१ मध्ये नाशिक व जोर्वे, १९५४ ते ५६ नेवासे येथे उत्खनन झालं. इनामगावचं काम १९६८ साली सुरू होऊन १९८३ पर्यंत चाललं. सातवाहनांच्या हजारएक वर्षं आधी इथे शेतकरी नांदत होते, हे त्यातून उजेडात आलं. इनामगावात घराच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं सापडली. तिथे ना राजाचं नाव, ना लढाई; पण लेकरू गेल्यावर त्याला घरातच जवळ ठेवणारी माणसं आपल्याला भेटली. कष्टकऱ्यांचा इतिहास पोथीत नसला तरी मातीत असतो, तो असा.

हे ज्ञान इंग्रजी अहवालांतच राहिलं असतं तर सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग? मातृभाषा गुजराती असूनही डॉ. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हा मराठी ग्रंथ १९७६ साली दिला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी ते गेले.

बंधू-भगिनींनो, टेकाड एकदा उपसलं की पुन्हा रचता येत नाही. पहारेकरी तरी किती ठेवणार? गावातल्या मुलांना खापराची ओळख असेल, तरच ते वाचेल. म्हणून आम्ही एवढंच सुचवितो, की सुट्टीत मुलांना लेणी दाखवा, पांढर दाखवा. काही सापडलं तर जागेवरच राहू द्या आणि तहसील कचेरीत कळवा. डॉ. सांकलियांना याहून चांगलं अभिवादन ते कोणतं?