केशवराव भोसले आणि आपला हॉल

गेल्या गणपतीत आपल्या मुलांनी बसवलेलं नाटक आठवतंय ना? मुलं जीव तोडून बोलत होती आणि तिसऱ्या रांगेनंतर नुसता घुमारा. कुणीतरी स्पीकर वाढवला, तसा गोंधळ आणखीच वाढला. मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून असेल, मला त्या वेळी केशवराव भोसले आठवले.

१८९० साली कोल्हापुरात जन्म. अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेनं नाव झालं. १ जानेवारी १९०८ रोजी, जेमतेम सतरा वर्षांचे असताना, हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. रामकृष्णबुवा वझ्यांकडून गाणं पक्कं करून घेतलं. हिराबाई पेडणेकरांचं ‘दामिनी’ त्यांनीच रंगभूमीवर आणलं. बाईनं लिहिलेलं नाटक करायला त्या काळी धाडसच लागत असणार.

आणि या सगळ्यात माइक कुठेच नाही! पदातला शब्द न् शब्द पार मागे बसलेल्या माणसाला कळायला हवा. गळा तयारीचा होताच, पण नाटकगृहाचीही साथ असायची: लाकूड, कापडी पडदे आणि दाटीवाटीनं बसलेली माणसं. कापड आणि माणसं आवाज शोषून घेतात, त्यामुळे एक शब्द विरतो आणि मग दुसरा नीट कानावर येतो. गुळगुळीत भिंत आणि टाइल्स मात्र तोच शब्द पुन्हापुन्हा परत फेकतात. आपल्या हॉलला खालीवर टाइल्स आपणच बसवल्या, पुसायला सोप्या म्हणून. तेव्हा कमिटीत मीही होतो! त्यात गंगापूर रोडचे हॉर्न नकोत म्हणून खिडक्या बंद. आतला आवाज जाणार कुठे?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकाचा गळा चढा नि धारदार, दुसऱ्याचा मुलायम. एरवी स्पर्धक असलेल्या दोन मंडळ्यांचे हे मालक देशासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस.

शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. लहानपणी मी तिथे अगदी मागे बसून नाटकं पाहिलीत. त्या रात्री झोप लागली नाही.

सध्या हॉलच्या रंगकामाचा विषय निघालाय. नवे स्पीकर घेण्याआधी मागच्या भिंतीला जाड, चुण्यांचे पडदे आणि छताला आवाज शोषणारे बोर्ड लावून बघू, असा अर्ज मी सेक्रेटरींकडे दिलाय. पडद्यांनी रस्त्यावरचा आवाज थांबणार नाही, त्यासाठी खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतील. पण निदान मुलांचे संवाद तरी ऐकू येतील. भिंतीचं माप मी घेऊन ठेवलंय.